दुनळीच्या दोन्ही गोळ्या अखेर जवळ आल्या

चाळीस मीटरवरच्या नेमाच्या कागदावर परवा तळहात टेकवला तर माझ्या दुनळी बंदुकीच्या उजव्या आणि डाव्या, दोन्ही नळ्यांची भोकं त्याखाली झाकली गेली. गेल्या हिवाळ्यापासून ज्याच्या मागं लागलोय ते हेच. म्हणून छर्‍यांच्या पॅटर्नचं लिहायचं ठरलं होतं ते जरा मागं ठेवतो, आधी हे.

बंदूक तीच, आजोबांच्या नावावरून लायसनवर आलेली बर्मिंगहॅमची बारा बोर दुनळी. काडतूस बसायचं चेंबर ६५ मिमी, उजवी नळी तोंडाशी जवळपास उघडी, डावी फुल चोक, म्हणजे तोंडाशी पूर्ण आवळलेली. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर नायट्रो प्रूफचा, म्हणजे धूर न करणाऱ्या बारुदाला तपासल्याचा शिक्का आणि छर्‍याच्या वजनाची १⅛ औंस, म्हणजे साधारण ३२ ग्रॅमची कमाल मर्यादा. काम पण तेच: उसातून निघणारं रानडुक्कर, आणि तेही वनविभागाची परवानगी हातात असेल तेव्हाच. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते चांगलंच झालं. उभ्या पिकात घुसणाऱ्या डुकरासाठी कलम ११ खाली मिळणारी परवानगी वेगळी, आणि ती मिळाली तर जनावर जखमी होऊन उसात परत जाता कामा नये. एका बारात जागेवर पडलं पाहिजे. जखमी नर उसाच्या पाच फुटी सरीत बसून राहतो आणि सकाळी पाणी द्यायला आलेल्या माणसावर येतो. आमच्याकडं बालाघाटच्या पायथ्याच्या गावांत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता मूळ कटकट. जुना ३२ ग्रॅमचा स्लग (छर्‍यांऐवजी एकच मोठी शिशाची गोळी) उजव्या नळीतून उजवीकडं जायचा, डाव्या नळीतून डावीकडं. चाळीस मीटरवर दोन भोकांत वीत आणि वर चार बोटं. डुकराचं काळीज खाली असतं, पुढच्या पायाच्या कोपराच्या रेषेत, आणि नेम धरायला मिळणारी जागा जेमतेम वीतभर. म्हणजे मधोमध नेम धरला तर एक गोळी छातीच्या पुढं आणि दुसरी पोटात. पोटातली गोळी म्हणजे रात्रभर रक्ताचा माग काढत फिरणं.

शेजाऱ्या-पाजाऱ्यांत एक सल्ला ठरलेला: "उजव्याच नळीचा नेम बसवा, डावी विसरा." मला तो पटत नाही. दुनळी बाळगायची ती दुसऱ्या बारासाठीच. डुक्कर वळून अंगावर आलं तर दुसरा बार अर्ध्या सेकंदात लागतो, आणि तो कुठं जाणार हे आधी ठाऊक नसेल तर दुनळीपेक्षा चांगली एकनळी बरी.

नळ्यांच्या टोकावरची नेमाची माशीही बदलून पाहिली होती. रिबवर, म्हणजे दोन नळ्यांमधल्या पट्टीवर, चिकटणारी मागची खाच लावली, त्यानं उंचीचा प्रश्न थोडा सुटला, आडवं अंतर तसंच राहिलं. राहणारच. दोन नळ्यांना एकच नेम असतो, माशी सरकवली की दोन्ही भोकं मिळून सरकतात, एकमेकांकडं येत नाहीत.

मग रेंजवर एक गोष्ट दिसली. उन्हाळ्यात दुपारी बार काढले की अंतर कमी यायचं आणि पहाटे काढले की वाढायचं. आधी वाटलं उजेडाचा फरक. म्हणून एकाच सकाळी एकाच पेटीतली काडतुसं वाटून घेतली. निम्मी कोरड्या पिशवीत घालून माठाच्या बुडाशी सावलीत ठेवली, निम्मी पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात. प्रत्येक जोडीनंतर नळ्या हाताला गार लागेपर्यंत थांबलो, कारण रिबनं जोडलेल्या दोन नळ्यांत एक तापली की दुसरीला ओढते आणि सगळाच हिशेब बिघडतो. उन्हातली काडतुसं सरळ दोन बोटांनी जवळ आली. ती खालीही लागली.

इथं सगळं उलगडलं. बार होताना बंदूक नुसती मागं येत नाही, ती थोडी वळते पण. उजवी नळी मधल्या रेषेच्या उजवीकडं आहे, म्हणून तिचा झटका तोंड उजवीकडं आणि वर नेतो. डावीचं उलट. हे धरूनच कारागीर नळ्या किंचित आत झुकवून झाळतो, म्हणजे वळण्यानं झुकाव फिटून दोन्ही बार एका जागी जावेत. पण हा हिशेब एका ठरावीक लोडचा, म्हणजे बारूद आणि गोळीच्या जोडीचा असतो. गोळी संथ असेल तर ती नळीत जास्त वेळ राहते, तोवर बंदूक जास्त वळते, आणि बार बाहेरच्या बाजूला फाकतात. गोळी वेगाची असेल तर लवकर सुटते, कमी वळते, कमी उठते, म्हणून जवळ आणि खाली लागते. वेग आणखी वाढला तर दोन्ही बार एकमेकांना ओलांडून जातात. फाकले तर लोड संथ, ओलांडले तर तेज. दुनळी रायफली जुळवणारे कारागीर हाच नियम धरून नळ्या झाळत आले. आणि बारूद गरम झालं की वेग थोडा वाढतो, म्हणून ऊन-सावलीचा फरक.

यातली खरी अडचण अशी, की उसातलं डुक्कर भेटणार पौष-माघात, रात्री, हुरड्याच्या थंडीत. म्हणजे काडतूस सगळ्यात संथ असेल तेव्हाच. मे महिन्याच्या दुपारी कागदावर छान दिसलेला नेम जानेवारीच्या पहाटे उपयोगाचा नाही. ज्यांच्याकडं दुनळी आहे आणि गोळी वापरायची आहे, त्यांनी कागद थंडीतच फोडावेत, असं माझं आता पक्कं मत झालंय.

उपाय मग समोरच होता: हलका स्लग. २८ ग्रॅमचा, ६५ मिमी काडतुसातला, पोकळ बुडाचा. हा इटलीहून येतो, महाग पडतो आणि सगळीकडं मिळत नाही, पण शिक्क्यातल्या १⅛ औंसाच्या आत बसतो. थंड सकाळी, जॅकेटच्या खिशात न ठेवता बाहेरच ठेवलेल्या काडतुसांनी बार काढले. दोन भोकांत चार बोटं. उजवं अजूनही उजवीकडं, म्हणजे ओलांडलेलं नाही, म्हणजे उन्हाळ्यातही हाताशी जागा शिल्लक. भोकांच्या कडा स्वच्छ गोल होत्या आणि कडेनं शिशाचा राखाडी वळसा, गोळी आडवी न होता सरळ गेल्याची खूण. जुन्या स्लगच्या काही कागदांवर भोक एका बाजूनं फाटलेलं असायचं, ते इथं एकदाही नाही. तो कागद घडी न घालता जपून ठेवलाय.

पोकळ बुडाची गोळी सरळ का जाते, हे नव्या मंडळींसाठी एका ओळीत: वजन सगळं नाकाशी, मागं पोकळ, म्हणून ती बॅडमिंटनच्या फुलासारखी नाक पुढं ठेवून उडते. ही कार्ल फॉस्टरची १९३१ ची रचना. अंगावरच्या तिरक्या फासळ्यांनी ती गरगर फिरते असं दुकानात सांगतात. ते मनावर घेऊ नका. त्या फासळ्या चोकमधून जाताना दबून जागा देण्यासाठी आहेत, म्हणून डाव्या फुल चोकमधूनही ती निर्धास्त जाते. भरीव, मागं डाट (बारूद आणि गोळी यांमधला बूच) जोडलेली ब्रेनेकेची गोळी त्याहून जुनी, १८९८ ची, आणि जाड जनावरासाठी मला मनातून तीच आवडते, कारण ती कमी पसरते आणि जास्त खोल जाते. पण ६५ मिमीत आणि या वजनात ती मला मिळालेली नाही.

आमच्या भागात निजामाच्या काळच्या शिकारीच्या गोष्टी निघाल्या की पॅराडॉक्सचं नाव हमखास येतं. फॉस्बेरीनं १८८५ मध्ये पेटंट घेतलेली आणि हॉलंड अँड हॉलंडनं बनवलेली ती बंदूक, नळीच्या शेवटच्या काही इंचांतच आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा, म्हणून छर्रा पण चालायचा आणि गोळी पण रायफलीसारखी जायची. बिबळ्या-वाघाच्या दिवसांत मचाणावर ती का न्यायचे, हे दोन नळ्यांचा हा झगडा झाल्यावर नीट कळलं. कारखान्यातच दोन्ही नळ्या एका ठरावीक गोळीला जुळवून मिळायच्या, मालकानं माठाशेजारी काडतुसं ठेवायची गरज नसायची.

आत किती जातं तेही पाहिलं. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड कूर्चेसारखं कवच असतं, त्यावर लोळून वाळलेला काळ्या मातीचा थर. म्हणून भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यापुढं म्हशीच्या चामड्याचा तुकडा लावला आणि त्यावर चिखल थापून वाळवला. पंधरा मीटरवर एल.जी.चे, म्हणजे मोठ्या छर्‍याचे दाणे चामडं फोडून वीतभर गेले. वीतभर म्हणजे कवच, फासळी आणि कोन धरला तर काठावरच. स्लग दोन विती ओलांडून गेला, आणि काढला तेव्हा नाक अंगठ्याएवढं रुंद झालेलं. "एल.जी. मारा, कुठं बी लागलं तरी डुक्कर पडतंय" असं सांगणाऱ्या आबांना मी तो गठ्ठा पानापानानं उलगडून दाखवला. ते शेवटच्या पानापर्यंत बघत बसले, मग म्हणाले, "जवळून तरी मारा मग." तेवढं मला मान्य आहे.

आता एल.जी.चंच. गठ्ठा उलगडताना दाणे हातात आले, व्हर्नियर जवळच होता, आणि छर्‍यांचा बेत तिथंच बदलला. एल.जी.चा दाणा ९.१ मिमीचा, वजन साडेचार ग्रॅम. तीन दाणे एका थरात बसवायचे तर त्यांच्याभोवतीचं वर्तुळ दाण्याच्या २.१५ पट, म्हणजे १९.६ मिमी लागतं. बारा बोरची नळी १८.५ मिमी. बसतच नाहीत! ते दोन-दोनच्या वाकड्या थरात जातात, एकमेकांना चेपतात आणि नळीबाहेर पडले की मन मानेल तिकडं जातात. त्याहून बारीक एस.जी.चा दाणा ८.४ मिमी, त्याला वर्तुळ १८.१ मिमी. उजव्या नळीत तीन-तीनचे थर अलगद बसतात. डाव्या फुल चोकमध्ये मात्र तोंड १७.५ च्या आसपास, तिथं एस.जी. पण दबणार. जुने इंग्रज बंदूकवाले मोठ्या छर्‍यासाठी दाणे नळीच्या तोंडात थरानं बसतात का ते पाहायचे, ते यासाठीच. रिकाम्या, उघडलेल्या बंदुकीच्या तोंडाशी मी डाटावर तीन एस.जी. ठेवून पाहिले, उजवीकडं सपाट बसले, डावीकडं एक दाणा वर राहिला.

म्हणजे उजवीत एल.जी., डावीत स्लग हा मागचा बेत रद्द. आधी वाटलं उजवीत एस.जी., डावीत स्लग. पण लिहिता लिहिता हेही नको वाटायला लागलं. पुढचा चाप उजवीचा, पहिला बार तिचा, आणि पहिला बार जनावर उभं असताना, लांबून, नीट नेम धरून होतो. तिथं स्लगच हवा. दुसरा बार अंगावर आलेल्यासाठी, आणि दहा पावलांवर एस.जी. पण जवळपास एका मुठीत जातं, नऊच्या नऊ दाणे एका जागी, त्याला चोकची फार फिकीर नाही. शिवाय हुकलेला स्लग किलोमीटरभर जाऊ शकतो. घाईचा बार सपाट जमिनीवर निघाला आणि पलीकडं वस्ती असली तर? एस.जी. पण पाचशे मीटरच्या पुढंही जाऊ शकतं, निर्धोक तेही नाही, म्हणून मचाणावरून जमिनीकडं नेम हा नियम दोन्ही बारांना. पण दोन स्लग की स्लग आणि एस.जी., हे मी अजून पक्कं केलेलं नाही. दोन्ही नळ्यांचा स्लग जुळला म्हणून निदान निवड तरी उरली.

काडतुसं घेताना एक सांभाळा. तालुक्याच्या एका दुकानात ७० मिमीची पेटी पुढं सरकवून "सगळी सारखीच, बसतात ना" म्हणाले. बसतात हीच भीती. काडतुसावरचं माप बार झाल्यावर उलगडलेल्या नळकांड्याचं असतं. ६५ मिमी चेंबरमध्ये ७० मिमीचं बंद काडतूस आरामात जातं, पण उडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुन्या पातळ नळीला हे एकदाच पुरतं. मी पेटी तिथंच ठेवून निघालो आणि पुन्हा त्या दुकानात जाणार नाही. खडकीची शक्तिमान घ्या की दुसरी, पेटीवर माप छापलेलं असतं, ते वाचूनच पैसे द्या.

रात्री उसात वाघ असला तर काय, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून निघालेला वाघ धाराशिवच्या येडशी-रामलिंगपर्यंत येऊन राहिल्यापासून मी रात्रीच्या बाराला एक अट वाढवली आहे: टॉर्चमध्ये डुकराचं लांब तोंड आणि कान दोन्ही दिसल्याशिवाय चापावर बोट नाही. उसात नुसतं हललेलं पाहून बार, हे डुकराच्या परवानगीत बसत नाही आणि माझ्या मनातही.

पुढचे कागद एस.जी.चे, उजव्या नळीतून पंधरा आणि पंचवीस मीटरवर, नंतर तेच डावीतून. डाव्या नळीचं तोंड नीट मोजायला बोअर गेज मागवलाय. कोणाकडं ६५ मिमी चेंबरची, फुल चोकची जुनी दुनळी असेल तर तुमच्या नळीच्या तोंडाचं माप आणि एस.जी. बसतं की वर राहतं एवढं कळवा. थंडी संपायच्या आत २८ ग्रॅमची आणखी एक पेटी मिळाली तर पन्नास मीटरचाही कागद फोडतो.