धडगावचं शून्य

इफएरर, मग कंस, मग व्हीलुकअप, शेवटी स्वल्पविराम आणि शून्य. एका तक्त्यातलं नाव दुसऱ्यात शोधून त्यापुढचा आकडा आणणारं एक्सेलचं हे सूत्र मीच फळ्यावर लिहून दिलं होतं. सगळ्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं, आणि एकानं ते मनापासून वापरलं.

मी सतरा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो, त्यातली बरीचशी जिल्हा पानावर गेली. आता खान्देशातल्या एका पत्रकारिता विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. नव्या अभ्यासक्रमात डेटा पत्रकारिता आणि दृश्यांकनाचा पेपर आला. विभागात एक्सेल उघडता येणारा माणूस म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही दिवसभर रंगीत आलेख काढत असतो. खरं तर आलेखाला अर्धा तास लागतो. त्याआधीचे पंधरा दिवस गावांची नावं धुण्यात जातात.

यावर मी कितीही वेळ बोलू शकतो, म्हणून थोडक्यात आवरतो. जनगणनेच्या तक्त्यात तळोदे आणि शहादे असतं, एसटीच्या पाटीवर तळोदा आणि शहादा. मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद म्हणून बसलेलं असतं. नुसतं जळगाव शोधलं की बुलढाण्याचं जळगाव जामोदही मागून येतं. जुन्या पीडीएफ कृतीदेव नाहीतर सुरेख फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, त्यातलं कॉपी करून चिकटवलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे दिसायला हुबेहूब सारखं नाव, पण शेवटी एक मोकळी जागा चिकटलेली. आपल्याला एकच शहादा दिसतो, मशीनच्या लेखी ते दोन असतात. ट्रिम लावलं की मोकळी जागा जाते, पण मधे युनिकोडचा न दिसणारा जोडक अडकला असेल तर ट्रिमही हात टेकतं. म्हणून मी पोरांना पहिल्याच आठवड्यात बजावतो: दोन तक्ते नावावर जोडू नका, कोडवर जोडा. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार 497, धुळे 498, जळगाव 499. हे ते झोपेतही सांगतील.

त्या सत्रात मी जरा फुशारलेलोच होतो. सुरुवातीच्या एका प्रात्यक्षिकात एका पोरीनं धुळे जिल्ह्याच्या लोकसंख्येचा आलेख काढला होता. 1991 ला 25,35,715 आणि 2001 ला 17,07,947. रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आलेली. वर मथळा, ‘धुळ्यातून आठ लाख लोक गेले कुठे?’ मी खुर्चीतून न उठता म्हणालो, कुठेही गेले नाहीत, जिथे होते तिथेच आहेत, जिल्हा फुटलाय. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळं झालं. 2001 चे नंदुरबारचे 13,11,709 मिळव आणि मग रेघ काढ. पोरं चाट पडली. त्याच भरात मी त्यांना 1906 मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे कसे झाले, तेही ऐकवलं. हद्द कधी बदलली ते आधी विचारा, आकड्यावर नंतर बोला, असं मोठ्या ऐटीत सांगितलं.

सत्र संपताना विभागात पोस्टरचं प्रदर्शन ठरलं. पाहुणे म्हणून एका सरकारी कार्यालयातले साहेब येणार होते. अमळनेरकडच्या एका मुलानं नंदुरबार जिल्ह्यातल्या तीव्र कुपोषित बालकांचा तालुकावार नकाशा केला होता. पोरगा कष्टाळू. माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः लिहिला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावला, पानाला दोन रुपये भरून झेरॉक्स आणल्या आणि रात्री जागून सगळं हातानं टाइप केलं. कागदांवर तालुके नव्हतेच, बालविकास प्रकल्प होते, आणि एका तालुक्यात एकाहून जास्त प्रकल्प असू शकतात. त्याच्या बेरजा त्यानं नीट जुळवल्या. नुसती संख्या रंगवली नाही, वजन घेतलेल्या दर हजार मुलांमागे किती, असं प्रमाण काढलं. हे सगळं मी शिकवलेलं होतं आणि त्यानं एकही पायरी गाळली नव्हती. प्रकल्पांच्या यादीत जनगणनेचे कोड नसतात, त्यामुळे नाइलाजानं नावावर जोडलं होतं.

सहा तालुके. पाचांवर फिक्या बदामीपासून गडद तांबड्यापर्यंतच्या छटा. आणि वर सातपुड्यात एक हिरवागार तुकडा. सूचीत लिहिलेलं, ‘शून्य’. शून्याला वेगळा रंग देण्याची कल्पना त्याचीच होती आणि मी तिचं कौतुकही केलं होतं. लाल-हिरवा रंग ज्यांना वेगळा दिसत नाही त्यांचं काय, एवढी एक शंका काढून मी पुढच्या पोस्टरकडे वळलो होतो. त्या हिरव्याकडे मी माहिती म्हणून पाहिलंच नाही. नकाशात दिसायला छान, एवढंच.

साहेब आले, नारळ फुटला, चहा झाला. नकाशापुढे ते थांबले. “धडगाव हिरवं? वा! चांगली बातमी आहे की.” मोबाइल काढला, फोटो घेतला, आमच्या विभागप्रमुखांना म्हणाले, हे मला पाठवून द्या. विभागप्रमुखांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुलला. हा माणूस वाईट नाही, पण पाहुण्यानं मान डोलावली की त्यांच्यासाठी तो विषय संपतो.

अभिप्रायाच्या वहीपाशी वर्गातली एक मुलगी बसली होती. पावरा समाजाची, धडगावच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची. वर्षभरात वर्गात तिचा आवाज मी हजेरीलाच ऐकला असेल. ती उठून आली आणि हळूच म्हणाली, “सर, आमचा तालुका हिरवा कसा?”

मी म्हणालो, “आकडे सरकारी आहेत गं. माहिती अधिकारातले.”

हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं. वर्षभर पोरांना ‘सरकारी आहे म्हणून बरोबर आहे, असं म्हणू नका’ हे घोकून घेणारा मी.

“माझी काकी अंगणवाडी सेविका आहे, सर. मागच्याच महिन्यात आमच्या पाड्यावरची दोन पोरं एनआरसीत, पोषण पुनर्वसन केंद्रात नेली.” मग तिनं नकाशाजवळ जाऊन त्या हिरव्यावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. “आणि इथे धडगाव लिहिलेलंच नाही. अक्राणी लिहिलंय.”

मुक्काम पोस्ट धडगाव, तालुका अक्राणी. सतरा वर्षं मी हा पत्ता छापत आलो. तालुक्याचं कागदावरचं नाव अक्राणी, मुख्यालय धडगाव, आणि बोलताना सगळे धडगाव तालुकाच म्हणतात. साहेबही तसंच म्हणाले होते. नकाशाच्या शेपफाईलमध्ये, म्हणजे तालुक्यांच्या हद्दी असलेल्या फाईलमध्ये, अक्राणी होतं, प्रकल्पांच्या यादीत धडगाव. व्हीलुकअपला अक्राणी सापडलं नाही. त्यानं प्रामाणिकपणे ‘मिळालं नाही’ असा एरर दिला असता, तर नकाशात भोक पडलं असतं आणि आम्ही सगळे त्या भोकाकडे पाहत बसलो असतो. पण एरर दिसायला घाण दिसतात, म्हणून इफएररमध्ये गुंडाळून शेवटी शून्य टाका, बेरजा अडत नाहीत, हे मी शिकवलं होतं. जिल्हा पानावर बाजारभावाचे तक्ते लावताना लागलेली सवय. तिथे आवक नाही म्हणजे शून्य, हे चालतं. सापडलं नाही म्हणजे नाही, हे इथे कसं चालेल?

लॅबमध्ये जाऊन फाईल उघडली. त्या मुलानं सेलवर क्लिक केलं, वरच्या पट्टीत सूत्र उमटलं आणि शेवटचं शून्य आम्हा तिघांनाही दिसलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. नाव दुरुस्त केलं, एंटर दाबला. हिरव्याच्या जागी जो रंग आला, तो हिरव्याच्या आसपासचाही नव्हता.

मी बाहेर येऊन पोस्टर उतरवायला लागलो, तर विभागप्रमुख म्हणाले, “आता कशाला? पाहुणे तर गेले.”

इथवरची गोष्ट मी स्टाफरूममध्ये दोन-तीनदा सांगितली आहे. ऐकणारे एक्सेलला हसतात आणि चहा मागवतात. पण त्या दुपारी पुढे जे झालं त्यानं मी जास्त हललो.

ती मुलगी लॅबमध्येच थांबली होती. तिनं विचारलं, “सर, हे वजन कोणत्या महिन्याचं आहे?”

कागद पाहिले. जानेवारी.

“जानेवारीत आमच्याकडचे कितीतरी पाडे गुजरातेत असतात. ऊसतोडीला. दिवाळी झाली की निघतात, होळीला परत येतात.”

पोरंही सोबत जातात. म्हणजे अंगणवाडीत वजनकाट्यावर आली ती मागे राहिलेली मुलं. आजी-आजोबांजवळची, नाहीतर ज्यांच्या घरी थोडीफार शेती आहे अशांची. दर हजारी काढताना आमचा हजार यांच्यातूनच मोजलेला होता. जी पोरं उसाच्या फडात पाचटाच्या खोपीत होती, ती ना वरच्या आकड्यात होती ना खालच्या. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित धरतात, हे आम्ही पोस्टरवर चौकट करून छापलं होतं. पण टेप कोणाच्या दंडाभोवती गुंडाळली आणि कोणाच्या नाही, हे आमच्या चौकटीत कुठे होतं?

मी तिला म्हणालो, मग याला रंग कोणता द्यायचा, तूच सांग. तिनं बराच वेळ विचार केला. तो मुलगा म्हणाला, राखाडी, माहिती उपलब्ध नाही. ती म्हणाली, माहिती आहे की, पण अर्धी आहे. राखाडी केलं तर कोणी बघणारच नाही. शेवटी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या तालुक्याला आलेला रंग तसाच ठेवून वरून तिरप्या रेघा मारल्या आणि सूचीत लिहिलं, ‘स्थलांतरामुळे सर्व बालकांचे वजन झालेले नाही’. अक्कलकुव्यालाही तशाच रेघा लागतील, हेही तीच म्हणाली. खाली आणखी एक ओळ तिच्या आग्रहावरून आली: अक्राणी म्हणजेच धडगाव.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडे छापायला गेलो. त्यानं स्क्रीनवर पाहून विचारलं, “सर, ह्या लाईनी चुकीसन उन्यात का?” म्हटलं, नाही, राहू दे.

गुण देताना अडलो. आमच्या गुणपत्रकात सादरीकरणाला वीस आणि माहिती तपासणीला पाच. हे कोणी ठरवलं ते विचारू नका, मी त्या बैठकीत होतो. त्या मुलाला पाचपैकी पाच दिले. त्याची चूक माझ्या फळ्यावरून आलेली होती. मुलीचं स्वतःचं पोस्टर वेगळंच होतं, केळीच्या भावाचं, आणि साधारणच होतं. तिला त्या दुपारचे गुण द्यायला रकानाच नव्हता.

नवा नकाशा मी साहेबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. सोबत चार ओळी लिहिल्या: आधीच्या नकाशात आमच्याकडून चूक झाली होती, धडगावचा आकडा शून्य नाही, कृपया तो फोटो वापरू नये. दोन निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळानं जोडलेले हात आले. विभागाच्या ग्रुपवर मात्र प्रदर्शनाच्या दिवशीचा फोटो अजून आहे. साहेब हसतायत, विभागप्रमुख हसतायत, कडेला अर्धा मीही हसतोय, आणि मधोमध ते हिरवं धडगाव.