सरांची ट्रिपची वही

शाळेचा सुवर्णमहोत्सव म्हटल्यावर बाकीची पोरं छडीवर नाहीतर गॅदरिंगवर लिहिणार हे नक्की, म्हणून मी आपला चित्रकलेच्या सरांच्या वहीवर लिहितोय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला त्यांनी आम्हाला घासून घेतलं ते सोडा, ते सगळ्याच शाळांत असतंय. सर खरे कसे आहेत ते दिसायचं ट्रिपला.

पन्हाळ्याला गेलो की पोरं सज्जाकोठीवर दंगा घालायची आणि सर एका कडेला दगडावर बसायचे, वही पंजापेक्षा जराशी मोठी, पेन्सिल ब्लेडनं तासून शिसं चांगलं पेरभर बाहेर काढलेलं. आधी डोंगराची कड एका दमात, मग सगळ्यात काळी जागा कुठली ते बघून, म्हणजे झाडाखालची सावली नाहीतर गडाच्या 'तीन दरवाज्या'ची कमान, ती फोर-बी या मऊ, काळ्या पेन्सिलीनं दाबून काढायची, आणि लांबचे डोंगर एच या कडक पेन्सिलीनं दिसेल न दिसेल इतके फिकट, कारण मधल्या हवेतल्या धुळीनं आणि बाष्पानं उजेड विखुरतो, त्यामुळं लांबचं धूसर दिसतंय. रंग सोबत आणलेले नसायचे, मग कडेला बारीक अक्षरात 'जांभा, उन्हात तांबूस', 'गवत वाळकं' असं लिहून ठेवायचे, घरी जाऊन त्यावरून वॉटरकलर करायचे. (ते वॉटरकलर मला तेवढे आवडले नाहीत, खरं सांगतो, वहीतला जोर त्यात नसायचा.)

एकदा विचारलं, सर फोटो का काढत नाही ओ? तर म्हणाले, "कॅमेरा त्यो लाईटचा डांब पण काढतोय की रं, मला नको हाय त्यो." आणि खरंच, वहीत डांब नव्हता, उलट एक झाड चार पावलं सरकवलेलं!

पुढं आर्टला गेल्यावर कळलं की इंग्लंडचा चित्रकार टर्नर (१७७५-१८५१) पण असाच, प्रवासात भराभर पेन्सिल आणि रंगकाम नंतर निवांत स्टुडिओत, त्याच्या जवळपास ३०० स्केचबुकं लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात जपून ठेवलीत. आपल्याकडं आबालाल रहिमान, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून आलेले, ते कोटितीर्थ तलावाच्या काठावर बसून निसर्गचित्रं करायचे. सर त्यांचं नाव घेताना कानाला हात लावायचे.

सरांच्या वह्या अजून त्यांच्या घरी कपाटात आहेत, कसर लागायच्या आत कुणीतरी स्कॅन करा. महोत्सवाच्या निमित्तानं कोल्हापुरात शाहू स्मारक भवनला चार दिवस प्रदर्शन लावायचं असेल तर फ्रेमचा खर्च आमची बॅच करेल.