ज्या वर्षी उपकारस्तुतीआधी नुकसान मोजलं

मी अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे. ही गोष्ट २०१८ सालची. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्याकडे बाजरी कणसात भरलीच नव्हती, ज्वारीची पेरणी खोळंबली होती, आणि नोव्हेंबरात हंगामाची उपकारस्तुती ठरलेली. पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा हा सण; लोक शेतातलं काही आणतात आणि त्याचा लिलाव होतो.

पंचांच्या बैठकीत एकाने स्पष्ट विचारलं, “पाळकसाहेब, यंदा आणायचं काय अन् लिलाव कशाचा करायचा?” सण पुढे ढकलावा असं बहुतेकांचं मत होतं. खरं म्हणजे मंडळी त्याआधीच सुकत चालली होती. लोक येत, गायनं म्हणत, उठून जात. “आनंद करा” असं मी वेदीवरून सांगायचो, तेव्हा समोरचे चेहरे खाली बघायचे.

त्या आठवड्यात मी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एखाद्या तलाठ्याने बांधावर उभं राहून पंचनामा लिहावा तसा तो संदेष्टा एकेक नुकसान नोंदवतो. त्यातलं काहीही तो सौम्य करत नाही. त्यानंतरच म्हणतो की, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आम्ही मात्र मंडळीकडे हा शेवटचा शब्द मागत होतो आणि आधीची सगळी यादी घरी ठेवून यायला सांगत होतो.

म्हणून त्या रविवारी स्तुतीच्या गायनाआधी मी म्हटलं, “यंदा काय आलं नाही, ते आधी देवासमोर सांगू.” बराच वेळ कोणी हललं नाही. मग मागच्या सतरंजीवरून एक म्हातारे शेतकरी उठले. “बोअर आटलं. बैलजोडी बाजारात नेली. विकताना बैलाच्या तोंडाकडं बघवलं नाही.” एवढं बोलून ते बसले. त्यांच्यामागे एकेक जण उठू लागला. कोणी डाळिंबाची बाग उपटली होती, कोणाच्या मुलीचं लग्न लांबलं होतं. एक बाई म्हणाली, “दोन वर्षं झाली, मला प्रार्थनाच करता येत नाही.” सगळ्या उपासनेत मला सर्वांत खरी वाटली ती हीच प्रार्थना.

शेवटचा माणूस बसला तेव्हा पेटीवाल्याने माझ्या खुणेची वाट पाहिली नाही. त्याने नारायण वामन टिळकांचं एक पद धरलं, मागून टाळ आले. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे वारकऱ्याच्या ओठांवर बसेल अशा चालीत ख्रिस्ताची भजनं लिहिली. आमच्या आज्यांना ती पुस्तकाशिवाय येतात. दर रविवारी गुणगुणली जाणारी ती ओळ त्या दिवशी लोक डोळे पुसत, मोठ्याने म्हणत होते. त्या आवाजात रडणं होतं आणि आनंदही होता. पाळक म्हणून मी इतकी वर्षं ज्यासाठी प्रार्थना केली, ते नवीकरण मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. दुःख बोलून झाल्यावर तो आनंद आला, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला.

लिलावही झाला. कडब्याच्या चार पेंढ्या, थोडी मटकी, गावठी अंडी. एका घरच्या आजीबाईंनी टँकरचं पाणी भरलेला हंडा आणला होता. “एवढंच हाय आमच्याकडं,” म्हणाल्या. बोली लागली, घेणाऱ्याने पैसे भरले आणि हंडा पुन्हा लिलावाला ठेवला. आमच्याकडची ही जुनीच रीत. तीन-चार हातांतून फिरून शेवटी तो एका शिक्षकाने घेतला आणि तेच पाणी प्रीतिभोजनाच्या डाळीत घातलं. जमलेली रक्कम पंचांनी त्याच दिवशी चाऱ्यासाठी वेगळी काढली.

तेव्हापासून आमच्या उपकारस्तुतीत आधी ही यादी होते, चांगल्या पावसाच्या वर्षीही. अशाच एका वर्षी सगळे धान्याची पोती मोजत असताना एका तरुणाने उठून पुण्यातली नोकरी गेल्याचं सांगितलं. घरच्यांनाही ते ठाऊक नव्हतं. उपासना सुटल्यावर दोन पंच त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले.