वादी जिंकला, मसुद्यात हरला

परवा शेतजमिनीच्या वादातला एक इंग्रजी निकाल मराठीत आणायचं काम आलं. पानं २८, सोबत मशीनने केलेला कच्चा मसुदा. मी फक्त तपासायचं. तपासणीला दर निम्मा मिळतो आणि वेळ दुप्पट जातो, पण ते असो.

बाराव्या पानावर अडले. जमिनीचा ताबा १९९८ पासून वादीकडेच होता, हे 'कॅनॉट बी गेनसेड', असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. मसुद्यात उतरलं होतं, 'ताबा वादीकडे होता असे म्हणून लाभ मिळवता येणार नाही.' व्याकरण चोख. फक्त जिंकलेला माणूस त्यात हरला होता.

मशीनला कुठल्या तोंडाने हसू? नवशिकी असताना मीही या शब्दात नफाच पाहिला होता. तेव्हा आमच्या सरांनी लाल पेनाने गोल करून एवढंच विचारलं होतं, "ही फोड कुणी सांगितली तुम्हाला?"

नफ्याचा 'गेन' इंग्रजीत फ्रेंचमधून आला. 'गेनसे'मधला 'गेन' त्याचा कुणीच लागत नाही. तो जुन्या इंग्रजीतला, 'विरुद्ध' या अर्थाचा. 'अगेन्स्ट'च्या पोटात तोच बसलाय आणि जर्मन 'गेगेन' त्याच्या भावकीतला. म्हणजे गेनसे : विरुद्ध बोलणं, खोडून काढणं. लिखाणात तो साधारण १३०० च्या सुमारास दिसू लागतो. त्याआधी अँग्लो-सॅक्सन लोक याच कामाला 'विथ' जोडून क्रियापद करत, कारण 'विथ'चा अर्थ तेव्हा 'विरुद्ध' असा होता. 'विथस्टँड'मध्ये तो अजून शिल्लक आहे. पुढे लॅटिनमधून 'कॉन्ट्राडिक्शन' आलं. त्याचीही फोड तीच, विरुद्ध अधिक बोलणं. १६११ च्या इंग्रजी बायबलात उलट बोलणाऱ्यांना 'गेनसेअर' म्हटलंय. आज साध्या बोलण्यात हा शब्द कुणी वापरत नाही. आपल्याकडच्या निकालपत्रांत मात्र ठणठणीत आहे, आणि तोही बहुतेक वेळा 'कॅनॉट'चा हात धरूनच.

मग मराठी काय लिहायचं? 'निर्विवाद' लिहिलं, खोडलं. ताब्यावरून दोन पिढ्या भांडल्या, निर्विवाद कसलं! चहा करून आले आणि पानाकडे पाहिलं, तर ओळीओळीत एक शब्द बसलेला : प्रतिवादी. प्रति म्हणजे विरुद्ध, वाद म्हणजे बोलणं. गेनसेअर! इतकी वर्षं हा शब्द मी टाईप करतेय आणि त्याच्या आत कधी डोकावलेच नव्हते.

मोहात पडून लिहिलं, 'याचा प्रतिवाद करता येणार नाही.' फोड अगदी बरोबर, आणि वाक्य धोक्याचं. प्रतिवादीचे वकील वाचतील आणि म्हणतील, आम्हाला बोलायचीच बंदी केली की काय? शेवटी साधंच ठेवलं : 'ताबा वादीकडेच होता, ही गोष्ट नाकारता येत नाही.'

संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन आला. "ताई, बारावं पान अजून का नाही आलं?"

"एका शब्दावर अडले होते, साहेब."

"एका शब्दावर दीड तास?"

बिल शब्दांवर असतं. त्या एका शब्दाचे, तपासणीच्या दराने, चाळीस पैसे झाले.