लोकांना शिस्तच नाही, काकू

बुधवार, रात्री

त्या फौजदाराने फाटकावरची सूचना शेवटपर्यंत वाचली. अगदी खालच्या 'आदेशावरून'पर्यंत. हातात दुधाची पिशवी, अंगात टीशर्ट आणि ट्रॅक पँट, डोळ्यांवर चष्मा. (तो चष्मा लावतो हे मला आजच कळलं.) मी सासूबाईंना घेऊन फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी होते. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "बरं केलंत काकू, हे लावलंत ते. लोकांना शिस्तच नाही."

मी म्हणाले, "हो ना."

आणि तो गेला. आता अकरा वाजून गेलेत, ओटा आवरून झाला, विरजण लावून झालं, हे कधीचे घोरतायत, आणि माझ्या डोक्यात सकाळपासून एकच. तो चेष्टा करत होता का?

कारण ती सूचना त्याच्याचसाठी आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात तर गाडीचा नंबर होता. सेक्रेटरी म्हणाले, नंबर नको, उगाच वैयक्तिक वाटेल. मग 'पांढरी गाडी' झालं. पांढऱ्या गाड्या बिल्डिंगीत आणखी दोघांच्या आहेत, ते रुसले. मग 'चारचाकी' झालं, तर सेक्रेटरींचे मेहुणे दर रविवारी येतात ते चारचाकीनेच. असं करत करत शेवटी जे फाटकावर चिकटलं ते असं: 'सर्व वाहनधारकांना नम्र सूचना. इमारतीच्या फाटकासमोर वाहने उभी करू नयेत. ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो. कृपया सहकार्य करावे. – आदेशावरून.' कोणाच्या आदेशावरून ते कोणी लिहिलं नाही. सही करायला कोणी तयार नव्हतं. मीही नाही.

आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो म्हणतो बरं केलंत.

गाडी तेव्हा तिथेच होती, हे लिहायचं राहिलं. त्याच्यापासून चार पावलांवर. पुढच्या काचेमागे ती लाल-निळी पट्टी आणि 'पोलीस' लिहिलेली पाटी, तिच्या शेजारी गणपती, मागच्या हुकाला हँगरवर इस्त्रीचा खाकी शर्ट, सीटवर अर्धा उरलेला ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. मी एवढं सगळं सांगू शकते कारण रोज त्या काचेला नाक लावूनच आम्हाला बाहेर पडावं लागतं. बंपर आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये जी फट उरते तिच्यातून माणूस जातो, पण वॉकर सरळ जात नाही. मग सासूबाई खांब धरून उभ्या राहतात, मी वॉकर मिटून आडवा बाहेर काढते, पलीकडे उघडून ठेवते, आणि परत येऊन त्यांना हाताला धरून नेते. तेवढ्यात रिक्षावाला हॉर्न मारायला लागतो, कारण त्याच्यामागे दुसरा कोणीतरी हॉर्न मारत असतो. ठाण्याच्या नौपाड्यातली गल्ली ती, एक रिक्षा थांबली की सगळं जगच थांबतं. आजही तेच झालं. फिजिओवाली म्हणते, आजींना रोज थोडं चालवा. चालवतेच आहे की बाई, अडथळ्यांच्या शर्यतीसकट.

तर प्रश्न असा, की त्याला कळलं नाही का? कळलं नसेल तर मग प्रश्नच मिटला, साधा माणूस आहे. पण फौजदार माणूस. लोकांच्या तोंडाकडे बघून कोण खोटं बोलतोय हे ओळखणं हा त्याचा धंदा. त्याला फाटकावरचा कागद कळणार नाही?

की कळलं, आणि मला ऐकवलं? म्हणजे, काकू, मला माहीत आहे हे कोणी लावलंय, बरं केलंत. तो 'बरं' कसा म्हणाला हे मी दिवसभर आठवून आठवून बघतेय. आता इतक्या वेळा आठवलंय की त्याचा खरा आवाज कुठला आणि माझ्या डोक्यातला कुठला, तेच समजेनासं झालंय.

यांना सांगितलं तर म्हणाले, "तू पण ना. तो सहज बोलला असेल." यांचं सगळंच सहज असतं. रिक्षात चढवायला हे नसतात.

काकांना फोन केला. काका नोकरीत असताना कोर्टात होते, त्यांना कलमं पाठ. म्हणाले, "वहिनी, घाबरायचं कारण काय? मोटार वाहन कायद्यात 2019 साली सुधारणा झाली तेव्हा 210-ब कलम घातलंय. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट." मग हिशोबही करून दाखवला. नो पार्किंगला पहिल्यांदा 500, पुन्हा सापडलं तर 1500, डिसेंबर 2021 पासून आपल्याकडे हे दर लागू. म्हणजे त्याला 1000, आणि दुसऱ्यांदा 3000. काकांच्या आवाजात असा आनंद होता की जणू पैसे त्यांच्याच खात्यात येणार आहेत.

मी विचारलं, "पण पावती फाडणार कोण?"

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तरतूद आहे, एवढं मी सांगितलं."

लेकीचं म्हणणं, महाट्रॅफिकच्या ॲपवर फोटो टाक आणि मोकळी हो. टाकला असता. पण फोटो काढायचा आमच्या गॅलरीतून, खाली कुंड्यांची आमचीच रांग दिसणार, आणि तक्रार जाणार ती वाहतूक पोलिसांकडेच. मी म्हटलं, तुझ्या पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन अजून व्हायचंय, ते आधी होऊ दे. तर माझ्याकडे बघत राहिली. "आई, त्या दोन गोष्टींचा काय संबंध?" काही नाही गं. तिला काय सांगणार? संबंध काही नाही हे मलाही कळतं. पासपोर्टचं काम करणारा माणूस वेगळा, हा वेगळा, याची नेमणूकही आमच्या हद्दीत नाही. तरी दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच फाइलला लागलेल्या आहेत, आणि त्या मी लावलेल्या नाहीत.

मला वाईट याचंच वाटतंय. त्याने कधी आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. दिसला की "काकू, आजी कशा आहेत?" विचारतो. पुढच्या बिल्डिंगीतले ते शेअरबाजारवाले गृहस्थ त्यांची गाडी अशी लावायचे तेव्हा मी याच फाटकात उभी राहून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात त्यांना सुनावलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गाडी गायब. तेव्हा मला आवाज होता. मग हा असा गोड बोलणारा, भाच्याच्या वयाचा पोरगा समोर आला की तो आवाज जातो कुठे? याला मी कशाला घाबरते? विचार करून करून एवढंच सापडतं, की काहीतरी कधीतरी लागेल. काय, ते माहीत नाही. कधी, तेही नाही.

आणि लागलंही आहे ना. मोबाइल मारला तेव्हा लेकीबरोबर हाच गेला होता. चहा येईपर्यंत तक्रार लिहून झाली. एरवी आधी 'हरवला असं लिहा' म्हणतात, ते कोणी म्हणालं नाही. पार्किंगमधल्या स्कूटरच्या बॅटऱ्या चोरीला जायच्या, त्याही त्याची गाडी इथे लागायला लागल्यापासून बंद आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर उघडच म्हणतात, असू दे हो, वॉचमनचा पगार वाचला. त्या जिन्याने टणाटण उतरतात, त्यांचं बरोबर आहे.

मागे टोइंगची गाडी आली होती तेव्हाचं आठवलं. सम-विषमची पाटी बघून पोरांनी ओळीने स्कूटर उचलल्या. माझीही. त्या पांढऱ्या गाडीशी आले, पाटी वाचली आणि तिला वळसा घालून पुढच्या स्कूटरकडे गेले. एकमेकांत काही बोललेसुद्धा नाहीत. खासगी गाडीत अशी पाटी लावायला परवानगी नसते असं काका म्हणतात. नसेलही. पाटी वाचणाऱ्या पोरांना ते कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मगाशी पाणी प्यायला उठले तेव्हा तिसरीच शक्यता सुचली आणि मी तिथेच उभी राहिले. तो मनापासून बोलला असेल तर? चेष्टा नाही, धमकी नाही. लोक कुठेही गाड्या लावतात, नो एंट्रीत घुसतात, सिग्नल तोडतात, तो आयुष्यभर हेच बघतोय. कागद वाचला आणि त्याला पटला. त्याची गाडी त्यात येतच नाही, कारण ती लावलेली नाही, ती ड्युटीवर आहे. आपल्या घराची पायरी कोणी अतिक्रमणात धरतं का? हे खरं असेल तर बोलायचं तरी काय? चेष्टा असती तर निदान आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो असं झालं असतं.

आणि त्याची बाजूही मी बघायची? बघते. त्याच्या बिल्डिंगीला पार्किंग नाही, आमच्यासारखीच तीही जुनी, स्कूटरच्या काळातली. आधी पोलीस लाइनीत होते तिथे छत गळायचं, असं त्याची आई भाजीवाल्याकडे सांगत होती. रात्री कधी येतो, पहाटे कधी जातो, पत्ता नाही. त्याची बायको एकदा म्हणाली, दिवाळीचा फराळ आम्ही डब्यातच खातो. एक गंमत माझ्या आजच लक्षात आली. आमचं फाटक फक्त सणाला मोकळं असतं. पाडव्याच्या स्वागतयात्रेला, दहीहंडीला, विसर्जनाला, थर्टी फर्स्टला. सगळं ठाणं रस्त्यावर उतरतं, गाडी काढायची सोय नसते, आणि आमच्या फाटकातून मात्र हत्ती जाईल एवढी जागा. साहेब बंदोबस्ताला. सासूबाईंचा फिजिओ नेमका त्या दिवशी बंद.

हे लिहिताना मला हसू आलं, खरंच. एवढ्या मोठ्याने की हे कूस बदलून "काय झालं?" म्हणाले. काही नाही म्हटलं, झोपा.

ग्रुपवर आत्ता नवीन निघालंय. सेक्रेटरींनी टाकलंय, की सूचनेचा मान राखला जात नसल्याने (कोणाकडून, ते नाही) सामोपचाराचा मार्ग म्हणून 15 ऑगस्टच्या झेंडावंदनाला साहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावं आणि चहाच्या वेळी ओघात विषय काढावा. नऊ अंगठे आले. काकांनी लिहिलं, ठराव रीतसर मांडा. तिसऱ्या मजल्याने दोन हात जोडलेले पाठवले. आणि आमंत्रण द्यायला मी जायचं, कारण 'वहिनींशी ते चांगलं बोलतात'.

15 ऑगस्टला पोलीस घरी असतो का, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी सांगितलंही नाही. त्या दिवशी तो आमच्या फाटकावर नसेल, परेडच्या नाहीतर कुठल्यातरी मंत्र्याच्या बंदोबस्तात उभा असेल, आणि झेंड्याच्या खांबाशी प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रिकामी. म्हटलं, बोलवू या, माझी हरकत नाही. आता शाल-श्रीफळ द्यायचं की नुसतं गुलाबाचं फूल, यावर चाललंय. मी फुलाला मत दिलंय. शालीला सोसायटीचे पैसे कशाला.