यंगचा १८०३ चा प्रयोग, दहा बाय बाराच्या खोलीत

उजेड लाटांसारखा वागतो हे दाखवणारा इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग म्हटलं की पुस्तकातल्या दोन फटी आठवतात, ज्यांतून गेलेल्या उजेडाच्या पडद्यावर उजळ-काळ्या रेघा उमटतात. पण २४ नोव्हेंबर १८०३ ला त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे मांडलेल्या प्रयोगात फटी नव्हत्याच. खिडकीला सुईचं भोक, बाहेर आरसा आणि किरणात धरलेली पुठ्ठ्याची एक-तीसांश इंच (०.८५ मिलिमीटर) रुंद पट्टी, बस्स. घरी करायला हाच सोपा.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये खरा त्रास अंधाराचा. स्लायडिंग खिडकीच्या रुळातून उजेड झिरपतोच. काच सरकवून मोकळ्या जागेत पुठ्ठा बसवला, कडांना ब्राऊन टेप मारली. पुठ्ठ्याला चौकोन कापून त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉईल ताणली आणि सुईचं नुसतं टोक टेकवून सुमारे ०.३ मिलिमीटरचं भोक पाडलं. खिळ्याने दोन मिलिमीटरचं पाडलंत तर सावलीतल्या रेघा दिसणारच नाहीत: भोकाच्या प्रत्येक बिंदूमुळे सावली जराशी सरकून पडते आणि सगळं एकमेकांत मिसळतं.

आरसा ग्रिलमध्ये, कुंडीला टेकवून. सूर्य मिनिटाला पाव अंश सरकतो, म्हणून तीन मीटरवरचा उजेडाचा ठिपका मिनिटाला सेंटीमीटरभर पळतो; आरसा सारखा हलवावा लागतो. सावली मात्र जागची हलत नाही, कारण भोक स्थिर असतं.

एकसारखी पट्टी कापत बसण्यापेक्षा पेन-पेन्सिलचं ०.७ चं शिसं घेतलं. भोकापासून तीन मीटरवर स्टुलावर मातीच्या गोळ्यात ते उभं रोवलं, त्यामागे ३५ सेंटीमीटरवर ट्रेसिंग पेपर. पंखा बंदच ठेवायचा, नाहीतर शिसं थरथरतं. (ऑक्टोबरात ही शिक्षाच.) ट्रेसिंग पेपरच्या मागून दहापट भिंगातून पाहायचं, कागद काढून भिंगातून थेट भोकाकडे कधीही नाही.

सावली पाऊण मिलिमीटरची आणि तिच्या ऐन मधोमध पांढरी रेघ! दोन्ही बाजूंना काळ्या, मग रंगाची झाक असलेल्या. आता शिशाच्या एकाच बाजूचा उजेड व्हिजिटिंग कार्डाने अडवा. सावलीतल्या रेघा गायब होतात. दुसऱ्या बाजूचा उजेड आहे तसाच असतो, तरी त्या टिकत नाहीत. यंगचा सगळा युक्तिवाद यावरच उभा होता: रेघा दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या मिलाफातून होतात. लेझरने रेघा झटकन मिळतात, पण साध्या उन्हात हे दिसणं वेगळं.

दोन पांढऱ्या रेघांमधलं अंतर ०.२७ मिलिमीटरच्या आसपास. त्याला शिशाच्या जाडीने (०.७) गुणून कागदापर्यंतच्या अंतराने (३५० मिलिमीटर) भागलं की ०.०००५४ मिलिमीटर, म्हणजे हिरव्या उजेडाची तरंगलांबी, एका लाटेची लांबी. भोकावर लाल जिलेटिन कागद लावला की रेघा ठळक होतात आणि अंतर ०.३२ पर्यंत वाढतं. उजेड मात्र इतका कमी होतो की डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटं थांबावं लागतं.