फोटोंतून व्हेलचे व्रण वाचायला शिकताना

उत्तर अटलांटिक राइट व्हेल आता जगात ३८०च्या आसपास उरले आहेत. त्यांच्या फोटोंवरून जखमांची नोंद करण्याचं काम मी शिकले. सुरुवात ओळख पटवण्यापासून होते. प्रत्येकाच्या डोक्यावर राठ कातडीचे उंचवटे असतात, त्यांवर राहणाऱ्या बारीक उवांमुळे ते पांढरे दिसतात आणि त्यांची मांडणी दर व्हेलची वेगळी असते. बोस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियमने सांभाळलेल्या सूचीत ती जुळली की क्रमांक मिळतो.

मग अंगाचा एकेक भाग. सगळ्यांत जास्त वेळ शेपटीच्या देठावर, म्हणजे शेपूट अंगाला जोडणाऱ्या निमुळत्या भागावर जातो. खेकडे आणि लॉबस्टरच्या सापळ्यांचे दोर तिथे गुंडाळले जातात, पोहताना कातडीत रुततात आणि सुटले तरी पांढरे वळ मागे ठेवतात. १९८० ते २००९ या काळातल्या फोटोंत ८३ टक्के व्हेल निदान एकदा तरी दोरात अडकलेले आढळले होते. प्रोपेलरचे वार चटकन ओळखू येतात: एकापाठोपाठ एक, जवळपास सारख्या अंतरावर. जहाजाच्या बोथट धडकेने मात्र आत हाडं मोडली तरी वर काहीच दिसत नाही. ते शवविच्छेदनातच कळतं. म्हणून ‘जखम नाही’ असं लिहायचंच नाही, यावर आमच्या मार्गदर्शक बाई फार कडक होत्या. ‘जखम दिसत नाही’ वेगळं आणि ‘तो भागच फोटोत नाही’ वेगळं.

मला सर्वांत जड गेलं ते जखमेचा काळ ठरवणं. त्याच भागाचा, व्रण नसलेला शेवटचा फोटो शोधावा लागतो. तो आणि व्रणाचा पहिला फोटो यांच्यामध्ये कधीतरी ती जखम झाली. मधे काही वर्षं गेली असतील तर जखम कुठल्या समुद्रात झाली हे सांगता येत नाही. २०१७ साली कॅनडाच्या पाण्यात १२ राइट व्हेल मेले, त्यानंतर तिथे मासेमारीवर आणि जहाजांच्या वेगावर बंधनं आली. त्यांचा उपयोग झाला का, हे तारखांशिवाय कसं कळणार?

स्नो कोन या मादीची नोंद वाचताना मी बराच वेळ थांबले. २०२० मध्ये तिचं पिल्लू जहाजांच्या धडकेने गेलं. २०२१ मध्ये ती स्वतः दोरात अडकली आणि तो दोर ओढतच त्या डिसेंबरात पुन्हा व्याली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नँटकेट बेटाच्या दक्षिणेला ती दिसली तेव्हा अंगावर आणखी नवे दोर होते आणि पिल्लू सोबत नव्हतं.

बोटींवरून हौशी लोकांनी काढलेले फोटोही या कामात उपयोगी पडतात. त्यांत बहुतेकदा पाण्याबाहेर आलेलं शेपूट सुंदर टिपलेलं असतं, देठ मात्र फोटोबाहेर राहिलेला. देठाचाही फोटो काढा, दोन्ही बाजूंनी मिळाला तर फारच उत्तम. अमेरिकेत या व्हेलच्या ५०० यार्डांच्या आत जायला मनाई आहे. तेवढं अंतर राखूनच, लांबच्या लेन्सने.